लांबी

उमोजातल्या आमच्या दीड खोलीत
तिसरं येणार असं कळलं त्या रात्री
किथेकाने मेजपट्टी काढली.
पलंग, स्टूल, माझं शिवणयंत्र, गॅसची टाकी.
सगळं मोजून झाल्यावर म्हणाला,
"पाळणा टांगायचा तर छताची परवानगी काढावी लागेल."
हसलो दोघंही, पण तोंड दाबून,
कारण मुमो आणि न्दानू एकाच चादरीत
एकमेकांच्या पायांशी डोकी करून झोपलेली.

तेव्हापासूनचे सगळे रविवार
चर्च सुटलं की मटाटू.

रुईरूला उजेड होता, नळ होता, फरशी होती.
भाडं ऐकलं आणि मी खिडकीचं कौतुक
मध्येच तोडलं.
रोंगाईच्या गाडीत गाणं एवढं मोठ्याने
की पोटातलं लाथा झाडायला लागलं.
"इथे नको," किथेका म्हणाला, "जन्मायच्या आधीच बिघडेल."
न्गोंगला वारा.
दोरीवरचे कपडे उडून
दुसऱ्याच्या संसारात जाऊन पडतील असा.

राहिलं कितेंगेला.
झोपायच्या दोन खोल्या, चौदा हजार शिलिंग,
जिन्याला अजून रंग नाही.
रखवालदार म्हणाला, मागच्या खिडकीतून
कधीकधी झेब्रे दिसतात.
जणू तेही भाड्यात धरलेले.
मी नळ सोडला, ओंजळभर प्यायले.
खारट.
"बोअरचं आहे, ताई. सवय झाली की गोड लागतं."
सवय झाली की.
बाहेर सिमेंटची धूळ, अर्ध्या भिंती,
वर निघालेल्या सळ्या,
अख्खी वस्ती या तीन शब्दांवर
उभी राहत होती.

खालच्या पायरीवर नासेरियनची आई
राजमा निवडत बसलेली.
मी विचारलं, शहरात जायला किती वेळ लागतो?
तिने वेळ सांगितली नाही.
म्हणाली, "आमचे हे साडेचारला निघतात,
नऊला येतात. त्यांना पोरांची उंची
विचारू नकोस, बाई. लांबी विचार.
निजलेली पोरं तेवढी पाठ आहेत त्यांना."
आणि खडा सापडला तो
लांब फेकला.

परतताना गाडी भरेपर्यंत किथेकाने
पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला.
भाडं इतकं कमी, तिकिटं इतकी जास्त,
मागेच शाळा, म्हणजे गणवेश मी शिवणार,
पाण्याचा वेगळा कॅन, तो आठवड्याला दोन.
"साडेतीन हजार उरतात," म्हणाला.
मी म्हटलं, आणि तास?
पेन्सिल थांबली.
"तास कुठल्या बाजूला लिहू, स्योम्बुआ?"
मला माहीत नव्हतं.
गाडी भरली. पाकीट खिशात गेलं.

महिन्याच्या एक तारखेला आलो.
चहाला अजून सवय झालेली नाही.

नासेरियनच्या आईचं ते वाक्य
मी कुणाला सांगितलं नव्हतं.
पण न्दानू तेव्हा माझ्या मागे
झग्याची किनार धरून उभी असणार.
परवा रात्री ती झोपायला येईना.
"बाबा मला उभी बघणार," एवढंच.
मी यंत्रावर होते, एका बाहीचं काम उरलेलं.
कधी डोळा लागला कळलं नाही.

टकटक झाली ती मागच्या खिडकीवर.
तिथे झेब्रे दिसतात म्हणे. आम्हाला अजून दिसलेले नाहीत.
किथेका होता.
पुढचं दार उघडेना, म्हणाला,
आतून काहीतरी टेकलंय.

बघते तर न्दानू.
पाठ दाराला, टाचा जुळवलेल्या,
हनुवटी छातीवर,
उभ्या उभ्या झोपलेली.

मी उचलायला वाकले, नऊ महिने भरत आलेलं पोट सावरत.
गजांमधून त्याचा हात आत आला.
"थांब, उठवू नकोस," तो म्हणाला.
"आधी मेजपट्टी बघ कुठे आहे."